टायटॅनियम, पोलाद आणि हाडाचा ताठपणा

कोल्हापूरकरांना धातू शिकवायला जाण्यात अर्थ नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून इंजिनांची, पंपांची, ट्रॅक्टरची कास्टिंग्ज देशभर जातात. साधे बीड ठिसूळ का असते आणि रसात थोडे मॅग्नेशियम घालून त्यातला कार्बन गोळीच्या आकारात गोठवला की तेच बीड चिवट का होते, हे इथल्या मोल्डरला पुस्तक न उघडता ठाऊक असते. पण हाच माणूस दुचाकीवरून पडतो, हाताचे किंवा नडगीचे हाड मोडून घेतो, तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या भावाला एक प्रश्न विचारला जातो : प्लेट स्टीलची टाकायची की टायटॅनियमची? दोन्हींतला फरक रुपयांत सांगितला जातो, धातूत नाही. भाऊ म्हणतो, ‘चांगलं असेल ते टाका.’ चांगले म्हणजे महाग, असा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप होतो आणि मग सोसायटीचे कर्ज निघते, नाहीतर घरातला दागिना सराफाकडे जातो.

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर बरेचसे एका आकड्यात आहे. तो आकडा म्हणजे पदार्थाचा ताठपणा. गेल्या काही वर्षांत असे आकडे प्रयोगशाळेत न मोजता, केवळ अणूंच्या मांडणीवरून संगणकावर काढता येऊ लागले आहेत, आणि हजारो पदार्थांचे आकडे कुणालाही फुकट पाहायला मिळतात. हे काम पदार्थवैज्ञानिकांचे म्हणून बाजूला ठेवण्यासारखे नाही. माणसाच्या शरीरात बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक धातूशी आणि चिनीमातीच्या जातीच्या प्रत्येक पदार्थाशी त्याचा संबंध आहे. हाडाशी तर आहेच, कारण हाडाचा मोठा भाग हा एक खनिज स्फटिकच आहे.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करावा लागेल. आपण ‘मजबूत’ हा एकच शब्द चार गुणांसाठी वापरतो. ओरखडा न उमटणे हा कठीणपणा. किती भार सोसून मग मोडते, ही बळकटी. तडा गेला तरी तो पुढे पसरू न देणे हा चिवटपणा. आणि ठरावीक भार दिला असता पदार्थ किती कमी वाकतो किंवा ताणला जातो, हा ताठपणा. काच ताठ आहे, पण चिवट नाही. नायलॉनचा दोर चिवट आहे, पण ताठ नाही. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये नियम मांडला की भार दुप्पट केला तर ताणही दुप्पट होतो आणि भार काढला की वस्तू पूर्ववत होते. कुठल्या पदार्थाला किती भारात किती ताण, हे सांगणारा गुणांक पुढे थॉमस यंगच्या नावाने ओळखला जाऊ लागला. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात मुलांना चकित करणारे एक वाक्य असते, की रबरापेक्षा पोलाद अधिक स्थितिस्थापक आहे. बोलण्यातला ‘लवचीक’ आणि शास्त्रातला ‘स्थितिस्थापक’ हे उलट्या दिशेने चालतात, म्हणून मुले तिथे अडखळतात. या लेखात ‘ताठपणा’ हाच शब्द पुरे.

ताठपणाचे एकक गिगापास्कल. या एककात शस्त्रक्रियेसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेस पोलादाचा ताठपणा साधारण १९० ते २००, कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा २१० ते २३०, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास. आणि हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराचा? १५ ते २०. म्हणजे टायटॅनियमसुद्धा हाडाच्या पाच-सहा पट ताठ आहे, पोलाद दहा पट. मऊ मातीच्या भिंतीत लोखंडी खांब उभा केला तर छपराचा भार कोण घेईल? खांब घेईल, भिंत नुसती उभी राहील.

भिंतीचे त्याने काही बिघडत नाही. हाडाचे बिघडते, कारण हाड जिवंत आहे. ज्या हाडावर भार पडतो ते शरीर जाड करते, ज्याच्यावर पडत नाही त्यातले कॅल्शियम काढून घेते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे सविस्तर मांडले. अंतराळात वजनरहित राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्यातील हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. उलट उदाहरण कोल्हापुरातच आहे. तालमीत वर्षानुवर्षे जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानाचे हाड आणि दिवसभर गादीवर बसणाऱ्याचे हाड एक्स-रेमध्ये शेजारी ठेवून पाहावे. शरीर या बाबतीत काटकसरी घरमालकासारखे वागते, न वापरलेल्या खोलीचा दिवा लगेच बंद करते. कृत्रिम सांध्याचा ताठ दांडा मांडीच्या हाडात बसवल्यावर वरच्या भागातला भार दांडा खाली नेतो आणि तिथले हाड काही वर्षांत विरळ होते. दांडा सैल पडला आणि बदलायची वेळ आली की नवा बसवायला पुरेसे हाडच उरलेले नसते. साठीत सांधा बदललेल्या बाईला ऐंशीत हा प्रश्न भेटतो.

मग हाडाइतक्याच ताठपणाचा धातू शोधायचा, तर कुठून सुरुवात करायची? पूर्वी एकच मार्ग होता. पदार्थ तयार करायचा, त्याचा तुकडा ओढायचा, वाकवायचा किंवा त्यातून श्राव्यातीत ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजायचा. ताठ पदार्थातून लहर वेगाने जाते. भारतात सर सी. व्ही. रामन यांचे शिष्य एस. भगवंतम् यांनी वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात स्फटिकांवर याच पद्धतीने काम केले होते. पण स्फटिक ही हट्टी वस्तू आहे. लाकूड रेषेच्या दिशेने सहज फुटते, आडवे फुटत नाही. तसाच स्फटिकाचा ताठपणा दिशेप्रमाणे बदलतो. म्हणून एक आकडा पुरत नाही. स्फटिकाची रचना अगदी बेढब असेल तर २१ स्वतंत्र आकडे लागतात, षट्कोनी असेल तर पाच, मिठाच्या खड्यासारखी घनाकार असेल तर तीन. ते मोजायला एकसंध, निर्दोष आणि पुरेसा मोठा खडा हवा. असा खडा मिळणे हे सोनाराला निर्दोष माणिक मिळण्याइतके दुर्मीळ.

हाडाच्या खनिजाच्या बाबतीत तर ही अडचण टोकाला गेली होती. हाडात आणि दातात असलेले हायड्रॉक्सीॲपेटाइट हे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांचे षट्कोनी स्फटिक. हाडातले त्याचे कण लांबीला काही दशक नॅनोमीटर आणि जाडीला जेमतेम काही नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे हजारो कण आडवे मावतील. ते चिमट्यात धरून ओढणार कसे? १९७१ मध्ये कॅट्झ आणि उक्रेंचिक या संशोधकांनी एक युक्ती केली. फ्लोरॲपेटाइट हे त्याचे भावंड निसर्गात मोठ्या खड्यांच्या रूपात सापडते. त्याचे आकडे आणि हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या भुकटीचे आकडे जोडून त्यांनी हाडाच्या खनिजाचे पाच आकडे अंदाजाने काढले. पुढची कितीतरी वर्षे हाडाच्या यांत्रिकीवरचे संशोधन या उसन्या आकड्यांवर चालले. पुढे संगणकाने हेच आकडे भावंडाची मदत न घेता काढले, आणि स्फटिक उभ्या अक्षाच्या दिशेने अधिक ताठ आहे हा जुना निष्कर्ष कायम राहिला. लांब हाडांमध्ये हे कण बहुतांशी हाडाच्या लांबीच्या दिशेनेच मांडलेले असतात. उभ्या भारासाठी उभे लावलेले.

संगणक हे कसे करतो, ते समजायला अवघड नाही, करायला आहे. स्फटिक म्हणजे अणूंची एक चौकट पुन्हा पुन्हा ठेवून केलेली मांडणी, फरशीच्या नक्षीसारखी. त्यातली एकच चौकट घ्यायची. त्यातल्या अणुकेंद्रांभोवती इलेक्ट्रॉन कसे पसरतील आणि सगळ्यांची मिळून ऊर्जा किती होईल, हे पुंजयांत्रिकीच्या समीकरणांतून काढायचे. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशेब ठेवायला गेले तर जगातले सारे संगणक कमी पडतील. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ आणि १९६५ मध्ये दाखवले की इलेक्ट्रॉन एकेक मोजायची गरज नाही, जागोजागची त्यांची दाटी कळली तरी पुरते. गर्दीतल्या प्रत्येक माणसाचे नाव न विचारता चौकाचौकातली गर्दी किती हे पाहावे, तसे. कोन यांना या कामासाठी १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही रसायनशास्त्राचे.

ऊर्जा काढता आली की ताठपणा काढणे हे हूकच्या प्रयोगाची संगणकातली आवृत्ती आहे. चौकट एका दिशेने अर्धा टक्का ताणायची, मग एक टक्का, तितकीच दाबायची, मग तिरकी करायची. प्रत्येक वेळी आत किती दाब उभा राहतो ते काढायचे. एकूण २४ वेगवेगळ्या विकृती द्यायच्या आणि भार-ताणाचा चढ मोजायचा. हेच काम पद्धतशीरपणे, एकाच नियमाने, शेकडो पदार्थांवर करून अमेरिकेतील बर्कले येथील ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’ या उपक्रमातील गटाने २०१५ मध्ये १,१८१ अकार्बनी संयुगांच्या ताठपणाचे संपूर्ण आकडे प्रसिद्ध केले. त्याआधी प्रयोगाने पूर्ण मोजलेल्या संयुगांची संख्या शेकड्यांत होती. आज त्या संचात दहा हजारांहून अधिक पदार्थ आहेत आणि ते पाहायला पैसे लागत नाहीत. प्रयोगाशी ताडून पाहिले तेव्हा बहुतेक आकडे १५ टक्क्यांच्या आत बसले. इतकी चूक कुणाला फार वाटेल. दवाखान्यात रोज वापरली जाणारी काही मापे याहून सैल असतात, आणि त्यांच्यावर उपचार ठरतात.

प्रत्यक्षातला धातू मात्र एक खडा नसतो. कास्टिंगमध्ये लाखो बारीक खडे वेड्यावाकड्या दिशांनी एकमेकांना चिकटलेले असतात. त्याचीही तोड जुनीच आहे. सगळ्या खड्यांना सारखाच ताण मिळतो असे धरून वोल्डेमार फोख्ट यांनी वरची मर्यादा काढली, सगळ्यांवर सारखाच भार येतो असे धरून रॉइस यांनी १९२९ मध्ये खालची, आणि खरा आकडा या दोहोंच्या मधे असतो. १९५२ मध्ये हिल यांनी सुचवले की सरळ सरासरी घ्या. ती आजही घेतली जाते. पंचांनी दोन भावांच्या बांधाचा वाद मिटवावा तसा हा तोडगा आहे, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो.

महाराष्ट्राला हे विज्ञान परके नाही. अमेरिकेने महासंगणक द्यायला आडकाठी केली तेव्हा पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक उभे राहिले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुणे विद्यापीठात दिलीप कान्हेरे यांच्या गटाने कोन यांच्याच पद्धतीने अणूंच्या लहान गुच्छांवर दीर्घकाळ काम केले. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ पासून ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग धातूंच्या ऑक्साइडांच्या पातळ थरांवरील संशोधनासाठी देशभर ओळखला जातो. साध्या स्फटिकाचा ताठपणा काढायला आता महासंगणकही लागत नाही. चांगला डेस्कटॉप, मोफत मिळणारी प्रणाली आणि शिकवणारा शिक्षक एवढे पुरते.

या गणिताचा रुग्णाला उपयोग काय, याचे सर्वात चांगले उदाहरण जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचे आहे. तिथल्या माक्स प्लांक संस्थेतील डिर्क राबे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत व्हॅनेडियम असते आणि शरीरात त्याबद्दल शंका घेतल्या जातात. त्याऐवजी शरीराला न बाधणारे नायोबियमसारखे धातू मिसळले तर काय होईल? भट्टी पेटवण्याआधी त्यांनी संगणकावर प्रमाण बदलत बदलत आकडे काढले : स्फटिकाची कुठली रचना टिकेल, ती किती ताठ असेल. गणिताने जिथे बोट ठेवले तेवढेच मिश्रधातू त्यांनी वितळवले, ओतले आणि मोजले. टायटॅनियम, नायोबियम, झिर्कोनियम आणि टँटलम यांच्या एका मिश्रणाचा ताठपणा ६० गिगापास्कलपर्यंत उतरला, म्हणजे नेहमीच्या टायटॅनियमच्या जवळजवळ अर्धा. आधी गणित, मग भट्टी, मग मोजणी. शेकडो ओतकामे वाचली. कोल्हापूरच्या उद्योजकाला यातला शेवटचा भाग लगेच कळेल, कारण एका फसलेल्या हीटची किंमत त्याला माहीत असते.

इथपर्यंतची गोष्ट उत्साह वाढवणारी आहे. पण वैद्यकात उत्साहाचा हिशेब नेहमी पुढच्या पानावर होतो, आणि या विषयातली तीन पाने तरी वाचायलाच हवीत.

पहिले पान फ्लोराइडचे. फ्लोराइडमुळे हाड बनवणाऱ्या पेशी चेकाळतात, आणि फ्लोराइड हाडाच्या स्फटिकात हायड्रॉक्सिलच्या जागी जाऊन बसते. स्फटिक अधिक पक्का होतो, एक्स-रेमध्ये हाड अधिक दाट दिसते. मग हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांना फ्लोराइड का देऊ नये? अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २०२ स्त्रियांवर चार वर्षे चाचणी केली आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले. कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मणक्यांची मोडतोड मात्र लक्षणीय कमी झाली नाही, आणि मणक्यांखेरीज इतर हाडे फ्लोराइड घेणाऱ्यांमध्ये सुमारे तिप्पट मोडली. आकडा सुधारला, हाड बिघडले. विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे दाट हाडांची आणि वाकलेल्या कण्याची माणसे भेटतात. हाड म्हणजे नुसते खनिज नव्हे. त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे आहेत, आणि चिवटपणा त्या दोघांच्या संसारातून येतो. खनिजाचा ताठपणा कितीही अचूक काढला तरी संसाराचा हिशेब त्यात येत नाही.

दुसरे पान झिर्कोनियाचे. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा गोळा बनवायला हा पांढराशुभ्र पदार्थ उत्तम मानला गेला होता. ताठ, चिवट आणि घासला तरी न झिजणारा. त्याच्या स्फटिकाचे गणित ठाऊक होते, मोजमाप ठाऊक होते. हे गोळे पुरवणाऱ्या एका मोठ्या फ्रेंच कंपनीने १९९८ च्या सुमारास भाजण्याची पद्धत बदलली. घाणीघाणीने भाजणाऱ्या भट्टीऐवजी सरकत्या पट्ट्याची बोगद्यासारखी भट्टी आली. पदार्थ तोच, प्रमाण तेच. पण या भट्टीतून आलेल्या काही तुकड्यांमधले गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये ते जगभरातून परत मागवावे लागले. भाजण्यातल्या फरकामुळे शरीरातल्या ओलाव्यात स्फटिकाची रचना हळूहळू बदलत होती, आणि बदलताना आतून तडे जात होते. कुठल्याही फौंड्रीच्या सुपरवायझरला यात नवल वाटणार नाही. भट्टी बदलली की माल पुन्हा तपासायचा असतो.

तिसरे पान आपल्याकडचे. धातूवर धातू घासणारा कोबाल्ट-क्रोमियमचा एक आयात सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो हजारो रुग्णांना बसवला गेला होता. त्याचा ताठपणा, बळकटी सारे कागदावर उत्तम होते. पण घासून निघणारे कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण भोवतालच्या स्नायूंत आणि रक्तात जात होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत पोलिसांत तक्रार नोंदवली होती. केंद्राच्या समितीचा अहवाल लोकांसमोर यायला २०१८ उजाडले. सांधा बसवलेल्या अनेकांचा ठावठिकाणाच लागला नाही, कारण कुणाला कुठला सांधा बसवला याची नोंद धड नव्हती.

आता पुन्हा थिएटरबाहेरच्या त्या प्रश्नाकडे. पोलाद की टायटॅनियम? ‘टायटॅनियम हाडाच्या जवळचा आहे’ असे सांगून जास्त पैसे मागितले जातात, तेव्हा सांगणारा खोटे बोलत नसतो. पण अर्धेच सांगत असतो. प्लेटचा वाकण्यातला ताठपणा धातूवर जितका अवलंबून आहे त्याहून फार जास्त तिच्या जाडीवर आहे, आणि तोही जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी निम्मी केली की प्लेट आठपट लवते. पोलाद टायटॅनियमच्या सुमारे पावणेदोनपट ताठ आहे. म्हणजे टायटॅनियमची प्लेट वीस टक्के जाड केली की ती पोलादी प्लेटइतकीच ताठ झाली. सगळा फायदा तिथेच संपला. शिवाय प्लेट किती लांब, स्क्रू किती अंतरावर, मोडलेल्या जागेजवळ किती मोकळे सोडले, यावर हाडाला मिळणारी हालचाल ठरते. थोडी हालचाल हाड जुळायला हवीच असते, फार झाली तर जुळतच नाही. प्लेटखालचे हाड विरळ होण्याला केवळ ताठपणा जबाबदार नाही, घट्ट दाबलेल्या प्लेटमुळे खालचा रक्तपुरवठा अडतो हेही कारण आहे. म्हणजे यातले बरेच काही शल्यचिकित्सकाच्या हातात आहे, बिलात नाही.

ताठपणा कमी तितके बरे, हेही खरे नाही. १९७० च्या दशकात युरोपात हाडाइतकेच लवणारे प्लास्टिकचे आवरण असलेले सांध्याचे दांडे बसवले गेले. हाडात ते हलत राहिले आणि सैल पडले.

टायटॅनियमची बाजूही मांडायला हवी. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना तो बरा, पुढे एमआरआय करावा लागला तर चित्र कमी बिघडते, आणि सिमेंट न वापरता बसवायच्या सांध्याच्या दांड्यासाठी त्याचा कमी ताठपणा खरोखर उपयोगी आहे. पण तरुण माणसाच्या हाताच्या साध्या मोडीला, जिथे हाड जुळल्यावर प्लेटचे काम संपते, तिथे चांगल्या दर्जाचे पोलाद दशकानुदशके काम करत आले आहे. उलट टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू प्लेटमध्ये जाम होऊन काढताना त्रास देतात, हे बऱ्याच सर्जननी अनुभवलेले आहे. अशा रुग्णाच्या घरच्यांनी धातूच्या नावासाठी कर्ज काढू नये. सरकारी रुग्णालयात किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पोलादी प्लेट बसली म्हणून आपल्या माणसाला दुय्यम उपचार मिळाले, असे मनात आणण्याचेही कारण नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या खास सांध्याला ७६,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. धातूच्या नावाने किंमत बदलते, पण गुडघा त्या प्रमाणात अधिक वर्षे टिकेल असे त्या आदेशात कुठेही म्हटलेले नाही.

रुग्णाने काय करावे? धातूची जात, कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक असलेली चिकटपट्टी प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर असते. ती डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावी आणि कार्ड रेशनकार्डाइतके जपावे. बसवलेल्या वस्तूने त्रास झाला तर नोंद करण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स हा कार्यक्रम आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायची असते हे आता डॉक्टरांनाही बऱ्यापैकी माहीत झाले आहे. तुटलेल्या प्लेटचीही करायची असते, हे अजून रुजलेले नाही.

आणि शहराने काय करावे? कोल्हापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सीपीआर रुग्णालय आहे, शिवाजी विद्यापीठ आहे आणि धातू ओतण्यात हयात घातलेला उद्योग आहे. तिन्हींमधले अंतर रिक्षाने पार होण्यासारखे आहे. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम पाळून इम्प्लांट बनवणे हे साध्या फौंड्रीचे काम नाही. त्याला घडाईची, स्वच्छतेची, तपासणीची वेगळी यंत्रणा लागते, आणि उद्याच कुणी नायोबियम-टायटॅनियम ओतू लागेल अशी स्वप्ने दाखवण्यात अर्थ नाही. पण अभ्यासाला कुणाची हरकत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने बर्कलेच्या संचातले आकडे घेऊन, स्वतः काही काढून, त्यावर प्रबंध लिहिता येईल. अस्थिरोगाच्या निवासी डॉक्टरने त्याच्याशेजारी बसावे, म्हणजे हाड जिवंत आहे ही गोष्ट गणितात विसरली जाणार नाही.

सुरुवातीला तर संगणकही नको. हाड जुळल्यावर काढलेल्या प्लेटा आणि रॉड, तुटलेले स्क्रू, सैल झालेले दांडे यांचे काय होते? धुऊन पिशवीत घालून नातेवाइकांच्या हाती दिले जातात, नाहीतर भंगारात जातात. घरोघरच्या कपाटांत अशा प्लेटा पडून आहेत. रुग्णाची संमती घेऊन, निर्जंतुक करून, वय, मोडीची जागा आणि किती वर्षे शरीरात होती एवढी माहिती लिहून त्या विद्यापीठात पाठवल्या, तर कुठला धातू कुठे तडकतो, कुठल्या बॅचमध्ये ब्लोहोल होते, कुठे गंज धरला, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल. त्यासाठी लागेल एक नोंदवही, एक कपाट आणि दोन्हीकडे एकेक जबाबदार माणूस. बहुतेक प्लेटांवर लॉट क्रमांक कोरलेला असतो, आणि तो साध्या भिंगातूनही वाचता येतो.